खड्डे बुजवण्याचा समारंभ

देवरावांच्या हातून झाड मरत नाही, हे अंबरपेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना देवराव स्वतः सांगत. चौतीस वर्षं सरकारी बागखात्यात काढलेली, त्यातली शेवटची अकरा सुपरवायझर म्हणून. हैदराबादच्या मे महिन्यात, जिथं माणूस कोमेजतो, तिथं या गृहस्थानं साहेबाच्या बंगल्यावर गुलाब फुलवून दाखवले होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी गल्लीतल्या बाया मरायला टेकलेला मोगरा, पिवळा पडलेला मनीप्लँट घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहत. देवराव नाडी बघितल्यासारखं पान दोन बोटांत धरत आणि म्हणत, "पाणी कमी घाला. जीव घेताय त्याचा."

अशा माणसाचं रिकाम्या जमिनीशी वैर असणारच. रस्त्यानं जाताना कुठं मोकळी जागा दिसली की त्यांचे हात शिवशिवत. इथं दोन कडुनिंब बसतील, तिथं एक पिंपळ. रिकामी जागा म्हणजे कुणीतरी कामचुकारपणा केलाय, एवढंच त्यांना कळे. आणि याच कळण्यानं त्यांना पुढं चांगलं तोंडघशी पाडलं.

त्याची सुरुवात झाली मार्चमध्ये, हैदराबादच्या कोठी भागातल्या एका दवाखान्यात. विमलाबाईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, हृदयाचं ऑपरेशन होतं. देवराव काचेच्या दाराबाहेर साडेपाच तास उभे होते. मुलगा प्रज्ञेश रेल्वेत नोकरीला, तो धावपळ करत होता, सून स्वप्ना सारखी म्हणत होती, "मामा, बसा ना जरा." देवराव बसले नाहीत. बसलो आणि नेमकं तेवढ्यात काही झालं तर, असं त्यांना वाटत होतं.

आता देवराव बौद्ध. नवस-सायास, अंगारे-धुपारे त्यांच्या बापानंच घराबाहेर काढलेले, देगलूरकडून हैदराबादला येण्याच्याही आधी. कुणी नवस फेडायला निघालं की देवराव त्याची अशी खिल्ली उडवत की त्यानं पुन्हा समोर नारळ फोडू नये. पण त्या साडेपाच तासांत कधीतरी त्यांच्या मनात आपोआप शब्द उमटले: विमल घरी आली तर येत्या बुद्धपौर्णिमेला एक्कावन्न पिंपळ लावीन. कुणाला म्हटलं हे, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हा नवस नव्हे, हा संकल्प आहे, असं त्यांनी स्वतःला लगोलग बजावलं. नवसाला समोर देव लागतो. इथं समोर फक्त 'चप्पल बाहेर काढा' अशी पाटी होती.

विमलाबाई घरी आल्या. छातीवर वीतभर टाका आणि तोंडात पूर्वीचीच धार. "दोन किलोच्या वर उचलायचं नाही म्हनला डॉक्टर," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "म्हंजे तुमचा पानी तापवायचा बंब आता तुम्हीच उचला." देवरावांनी बंब उचलला, आणि न्हाणीघराचं दार लावून घेऊन आनंदानं रडले. संकल्पाचं मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, बायकोला तर नाहीच. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच.

विहाराच्या मंडळाची रीतच होती: दर बुद्धपौर्णिमेला कुठंतरी पाच पिंपळ लावायचे, आणि खड्डे अर्थातच देवरावांनी काढायचे. यंदा देवरावांनी आकडा एकदम एक्कावन्नावर नेला. मंडळाचे अध्यक्ष केशवराव पोस्टातून रिटायर झालेले, कागदावर विश्वास असलेले गृहस्थ. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पाचाचे एक्कावन्न? काहून हो?"

"समाजाचं नाव व्हईल," देवराव म्हणाले. चोराच्या मनात चांदणं.

केशवरावांनी अर्ज केले, शिक्के मिळवले आणि दिलसुखनगरच्या पुढं, शहर जिथं दमून थांबतं तिथली एक सरकारी जागा मिळवली: पिट्टल गुट्टा. तेलुगूत म्हणायचं तर पाखरांची टेकडी. नाव मोठं आणि टेकडी लहान. गोल गुळगुळीत खडक, त्यांच्या मधून वाळलं गवत, चार बोरी आणि काही घाणेरीची झुडपं. फाइलीत तिची नोंद होती 'रिकामी जागा'. देवरावांनी ती पहिल्यांदा पाहिली आणि त्यांच्या अंगात बळ संचारलं. एक्कावन्न घरांना निरोप गेले, की प्रत्येक घरानं एकेक रोप लावायचं. खात्याच्या अधिकारीण बाई पाहुण्या म्हणून येणार होत्या. गच्चीवर काळ्या पिशव्यांतून एक्कावन्न पिंपळ उभे राहिले.

पौर्णिमेच्या बारा दिवस आधी देवराव चुन्याची फक्की घेऊन टेकडीवर गेले आणि जागा नेमल्या. हे काम त्यांच्याइतकं कुणाला जमत नाही. खडकाळ जमिनीत माती कुठं खोल आहे ते ते टाचेनं ओळखतात. टाच दाबायची, जरा नमली की खूण. दुपारपर्यंत खडकांच्या कुशीत, जिथं जिथं माती मऊ होती तिथं तिथं, पांढरी वर्तुळं उमटली. मग दोन मजूर आणि एक पहार घेऊन खोदाई सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथ्या खड्ड्याशी मजूर थांबला. वर्तुळाच्या आत एक काडी उभी होती. पान एक नाही. आजूबाजूचं गवत उन्हानं जळून कडकडीत झालेलं, आणि त्यातून ही हातभर उंच काडी ताठ उभी, तिच्यावर सात-आठ फुलं. हिरवट पाकळ्या, त्यांवर जांभळ्या शिरा, आणि मधोमध पुढं आलेली पांढरट-गुलाबी पाकळी. देवराव गुडघ्यावर बसले. चौतीस वर्षांत हजार तऱ्हेची फुलं हाताखालून गेली, पण हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

खड्डा तर काढायचा होता. मग माळ्यानं जे करायचं तेच त्यांनी केलं. भोवतीची माती अलगद कापली, आल्याच्या गड्ड्यासारखा तिचा कंद मातीच्या गोळ्यासकट उचलला, ओल्या पोत्यात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन रिक्षानं घरी आणला. उत्तम कुंडी, उत्तम माती, शेणखत, सकाळ-संध्याकाळ पाणी. कुंडी गॅलरीत ठेवली, जिथं विमलाबाई दिवसभर खुर्चीत बसत.

विमलाबाईंनी फुलाकडं बघितलं आणि खुर्चीतून पुढं वाकल्या.

"अमरकंद हाय हा," त्या म्हणाल्या. "कुठं घावला तुम्हाला? माझा बाप आम्हाला अशक्तपना आला की उकरून आनायचा, दुधात शिजवून द्यायचा. सगळ्या गावानंच उकरला. मी लग्न होऊन निघाले तवा माळावर एक राहिला नव्हता. मला वाटलं, जगातनंच गेला."

त्या दिवसापासून ती कुंडी घरातलं माणूस झाली. सकाळी विमलाबाई आधी तिच्याशी बोलत, मग देवरावांशी. टेकडीवर काय चाललंय ते त्यांनी विचारलं नाही. खड्डे म्हणजे झाडं, झाडं म्हणजे चांगलंच, यात विचारायचं काय? देवराव खूश. बायकोला हरवलेली वस्तू आणून दिल्यासारखं त्यांना वाटत होतं, आणि ते जोरात खड्डे काढत होते. अशा आणखी दोन काड्या त्यांना लागल्या. तेव्हा ते घाईत होते. त्या मजुराच्या फावड्याखाली गेल्या. घरी एक आहे की, असं म्हणून त्यांनी स्वतःची समजूत घातली.

पाचव्या दिवशी कुंडीतलं खालचं फूल गळालं. सहाव्या दिवशी तीन. काडी मऊ पडून एका बाजूला झुकली. देवरावांनी पाणी कमी केलं, मग वाढवलं, सावली केली, ऊन दाखवलं, ताक शिंपडलं. गल्लीला दवाई देणारा हा वैद्य आपल्याच घरात हतबल झाला.

आणि मग तो भलताच विचार त्यांच्या मनात शिरला. फूल आणि विमल एकाच गॅलरीत बसलेल्या. फूल गेलं तर? ते स्वतःवर चिडले. अरे, तू बापाचा मुलगा ना? पण भीतीला बाप नसतो. रात्री जेवताना घास घशाखाली उतरेना. आता काही झालं तरी पौर्णिमेला एक्कावन्न पिंपळ लागलेच पाहिजेत, एकही कमी नको, हे त्यांच्या मनानं पक्कं धरलं.

स्वप्ना दिलसुखनगरच्या एका कोचिंग सेंटरमध्ये डॉक्टरकीच्या प्रवेशाची पोरं शिकवते. सकाळी सहाला घर सोडते आणि परतते तेव्हा घसा बसलेला असतो; घरात कुंडी आली आहे हेही तिला इतके दिवस कळलं नव्हतं. त्या संध्याकाळी ती गॅलरीत चहा घेऊन आली, झुकलेल्या काडीसमोर बसली आणि तिचा चहा तसाच राहिला.

"मामा, हे तर ऑर्किड आहे!"

"अमरकंद हाय," विमलाबाई म्हणाल्या.

"हौ आत्या, तेच ते. मामा, याला पाणी घातलंत तुम्ही? दिवसातनं दोनदा? आणि शेणखत?" तिनं कपाळावर हात मारला. "मी रोज पोरांकडून घोकून घेते हो. ऑर्किडचं बी धुळीएवढं. त्याच्या पोटात शिदोरीच नसते. जमिनीत एक बुरशी असते, तिनं भरवलं तरच ते रुजतं, आणि पुढंही तिच्याच संगतीनं जगतं. दोघांची जोडी त्या मातीत जमलेली असते. एका मार्काचा प्रश्न आहे, उत्तर सी." ती थांबली. "सहा वर्षं शिकवतेय मी. आज पहिल्यांदा बघतेय."

देवराव म्हणाले, "माती आनली की त्याच्यासंगं. गोळा आनला."

"गोळा आणला मामा, जागा कुठं आणली?"

देवरावांना तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांनी कुंडी उचलून बाजूला कलती केली, बोटानं माती उकरली. कंद बोटाखाली लिबलिबीत लागला आणि वास आला. त्यांच्या हातून झाड मेलं होतं, आणि ते त्यांच्या हातानंच मेलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच स्वप्नानं स्कूटर काढली. मागं देवराव. टेकडीवर अजून ऊन चढलं नव्हतं. स्वप्ना म्हणाली, "मामा, आधी वर जाऊ, मग दोघंही मोजत खाली येऊ. काडी दिसली की बोटांवर मोजायची."

एकदा काय बघायचं ते कळलं की डोळा उघडतो. गवताच्याच रंगाच्या त्या काड्या, आठ दिवस देवराव ज्यांच्यामधून फिरले होते, एकेक करून समोर उभ्या राहू लागल्या. एक खडकाच्या कडेला. तीन बोरीखाली. अकरा. एकोणीस. बत्तीस. खाली येता येता त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली आणि ते तिथंच खडकावर बसले.

काड्या सगळ्या टेकडीभर नव्हत्या. जिथं माती खोल होती, खडकाच्या कुशीत ओल टिकत होती, तिथंच होत्या. म्हणजे नेमक्या त्यांच्या फक्कीच्या वर्तुळांत, किंवा वर्तुळाच्या वीतभर बाहेर. देवरावांच्या टाचेनं निवडलेली जागा आणि अमरकंदानं निवडलेली जागा एकच. एखादा अडाणी माणूस असता तर त्यानं भलत्याच ठिकाणी खड्डे काढले असते आणि निम्मी फुलं वाचली असती. देवरावांसारखा जाणकार होता म्हणून एकही वाचलं नसतं.

"सदतीस," स्वप्ना खाली येऊन म्हणाली. तिचा चेहरा खुलला होता. मग तिनं सासऱ्यांकडं पाहिलं. "मामा? काय झालं?"

"काही न्हाई. तुझ्या क्लासला उशीर व्हईल. चल."

घरी आल्यावर चहा झाला, अंघोळ झाली, जेवण झालं. गच्चीवर जाऊन त्यांनी एक्कावन्न पिशव्यांना पाणी घातलं आणि खाली आले. चार दिवसांवर पौर्णिमा. पिंपळ लावले तर सदतीस काड्या जाणार. नाही लावले तर शब्द जाणार, आणि तो शब्द कशावर दिला होता ते खुर्चीत समोर बसलं होतं.

"प्रज्ञेशचे पप्पा," विमलाबाई म्हणाल्या, "दोन किलोच्या वर उचलायचं नाही मला, ऐकायला काही बंदी न्हाई. सांगा."

मग त्यांनी सांगितलं. काचेचं दार, साडेपाच तास, एक्कावन्न, पौर्णिमा. मध्ये दोनदा 'हा नवस नव्हे' असंही सांगितलं. सदतीस काड्यांचं सांगितलं, फावड्याखाली गेलेल्या दोघींचंही लपवलं नाही. आणि शेवटी, भिंतीकडे बघत, मनात बसलेली भीतीही सांगितली. हे सांगताना अडुसष्ट वर्षांच्या त्या माणसाचे कान लाल झाले होते.

विमलाबाई हसू लागल्या. हसताना टाका दुखतो म्हणून त्यांनी छातीशी उशी धरली, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणं, आणि उशीमागून हसत राहिल्या.

"म्हंजे मला झाडांच्या जामिनावर सोडवून आनलं म्हना की! आनि बोललात कुनाला?"

"त्येच तर कळंना."

"देवाला?"

"छे!"

"डॉक्टरला?"

"डॉक्टर आत होता."

विमलाबाईंचं हसू थांबलं. त्यांनी पदरानं डोळे टिपले. ते हसण्यानं आले होते की कशानं, हे देवरावांना कळलं नाही. "अहो, चाळीस वर्षं संसार केला, माझ्यासाठी कुनापुढं हात जोडतांना तुम्हाला कधी बघितलं न्हाई. तितं काचेमागं मी झोपून होते आनि तुम्ही भायेर..." त्यांनी उशी मांडीवर ठेवली. "लई बरं वाटलं ऐकून. खरंच सांगते. आता ज्याला कुनाला बोललात ना, त्यालाच सांगा, की जागा बघायला गेलो तर जागा भरलेली हाय. आदीच कुनीतरी लावून ठिवलंय. भरल्या ताटावरनं त्येला उठवून आपलं पान मांडायचं का?"

दोन दिवसांत पहिल्यांदा देवरावांना भूक लागल्याचं जाणवलं.

खरं घोडं अडलं ते केशवरावांकडं. देवराव संध्याकाळी विहारात गेले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "अध्यक्ष, मी चुकलो." हे दोन शब्द बागखात्यात चौतीस वर्षांत कुणी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. केशवरावांनी सगळं ऐकून घेतलं, पण ते पाघळले नाहीत.

"फुलं ऱ्हाऊ द्या हो. मला एक सांगा, हैदराबादेत सरकारी जागा रिकामी ऱ्हायली की काय व्हतं? आज एक टपरी, उद्या पत्र्याचं शेड, परवा चार मजली. झाडं लावली तर निदान कुनी म्हनंल, हितं काहीतरी हाय. तुमच्या काड्या तर महिनाभर दिसनार. बाकी अकरा महिने मी काय दाखवू लोकांना, गवत?"

बोलणं खोटं नव्हतं.

"मान्सं दाखवू," देवराव म्हणाले. "आपुन दर पौर्णिमेला वंदनेला बसतो ना हितं? सकाळची वंदना तिकडं खडकावर करू. महिन्याच्या महिन्याला. जिथं चाळीस मान्सं येऊन बसत्यात, ती जागा गिळायला छाती लागते."

केशवरावांनी विचारलं, "आनि यंदा? एक्कावन्न घरं येनार, बाई येनार. त्यांनी करायचं काय?"

"मी एकोणीस खड्डे काढून ठिवलेत," देवराव म्हणाले. "ते बुजवायचे. त्येच करायचं."

केशवरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आयुष्यभर कागद हाताळलेल्या माणसानं मग कागदच पुढं ओढला आणि नवा अर्ज लिहायला घेतला: वृक्षारोपणाची परवानगी रद्द करून, जागा आहे तशीच राखण्याबाबत. स्वप्नानं त्याला सदतीस जागांचा नकाशा जोडला, फोटो जोडले. पिंपळांचं काय, यावर ठरलं की पावसाळ्यात विहारामागच्या नाल्याच्या कडेनं लावायचे. म्हणजे पौर्णिमेला देवरावांच्या नावावर एकही पिंपळ जमा होणार नव्हता. हे त्यांनी मनाशी म्हणून बघितलं. भीती वाटली, पण थोडी.

पौर्णिमेच्या सकाळी पांढऱ्या कपड्यांतली माणसं टेकडीच्या पायथ्याशी जमली. पोराबाळांना खडकावरूनच चालायचं, गवतात पाय घालायचा नाही, अशी स्वप्नानं ताकीद दिली होती. कोचिंगवाल्या बाईचा आवाज, कुणाची टाप नव्हती. प्रत्येक काडीभोवती लहान दगडांचं कडं केलं होतं. लोक वाकून बघत होते. एकानं विचारलं, "हे काय, एवढंसंच?" आणि त्याची बायको त्याच्यावर डाफरली, "मग काय ढोलाएवढं पायजे?"

अधिकारीण माधवीगारू, म्हणजे तेलुगूतल्या माधवीबाई, जीपमधून उतरल्या, सोबत फोटोग्राफर. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "क्या अंकल, झाडाँ किधर हैं? मेरे कू तो प्लांटेशन बोले थे."

केशवरावांनी घाईघाईनं अर्ज पुढं केला, पण देवरावांनी आधी फावडं पुढं केलं. "मॅडम, आज झाडाँ नक्को. गड्ढा मैंने गलत खोदा. आपके हात से बुजाना है."

फोटोग्राफर कॅमेरा खाली घेऊन बघत राहिला. माधवीगारूंना स्वप्नानं तेलुगूतून समजावलं, एका काडीपाशी नेलं. त्या साडी सावरून उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या की नल्लमलाच्या जंगलात नोकरी केली तेव्हा त्यांनी ही फुलं बघितली होती, इथं, मेट्रोपासून पाऊण तासावर, असतील असं कधी वाटलं नव्हतं. केशवरावांचा अर्ज त्यांनी तिथंच, जीपच्या बॉनेटवर ठेवून वाचला आणि त्यावर लिहिलं: येथे खोदाई, लागवड, भराव काही करू नये. केशवरावांनी तो कागद लहान बाळासारखा दोन्ही हातांवर घेतला.

मग बाईंनी फावडं धरलं आणि पहिल्या खड्ड्यात माती लोटली. टाळ्या पडल्या. खड्डे बुजवण्याचा समारंभ पाहुण्यांच्या हस्ते होण्याची ही हैदराबादेतली पहिलीच वेळ असावी. रस्त्यांवर तर त्याची किती गरज आहे! मागोमाग दोन-तीन घरांनी मिळून एकेक खड्डा वाटून घेतला. त्याच खड्ड्याची बाजूला पडलेली माती, त्याच खड्ड्यात. बाहेरची मूठभर नको, असं देवराव सगळीकडं फिरून बजावत होते. खत नको, पाणी नको. 'काहीही करू नका' हे सांगायला त्यांना चौतीस वर्षांच्या नोकरीपेक्षा जास्त कष्ट पडले.

शेवटचा खड्डा त्यांनी कुणाला दिला नव्हता. चौथ्या क्रमांकाचा, ज्यातून ती काडी उचलून घरी नेली होती. विमलाबाई स्वप्नाचा हात धरून, दर दहा पावलांवर थांबत, तिथवर चढून आल्या होत्या. ऑपरेशननंतरचा त्यांचा हा पहिला चढ. त्या खड्ड्याच्या काठावर खडकाला टेकून बसल्या.

"दोन किलोच्या वर न्हाई," देवरावांनी आठवण दिली.

"मूठ किती किलोची असती?" विमलाबाई म्हणाल्या, आणि मुठीमुठीनं माती आत सोडू लागल्या.

देवराव त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभे राहिले. एकेक मूठ पडत होती. कुंडीतली माती, मेलेल्या कंदाची, त्यांनी डब्यात आणली होती. तीही त्यांनी त्यात रिकामी केली, कारण ती इथलीच होती. यातून पुन्हा काही उगवेल असं त्यांना वाटत नव्हतं, आणि तसं त्यांनी कुणाला सांगितलंही नाही. समोर छत्तीस जागी न लावलेली, न शिंपलेली, कुणी न राखलेली फुलं उन्हात ताठ उभी होती, आणि सदतीसावं अगदी विमलाबाईंच्या पायाशी. एक्कावन्न पिंपळांचा माज करून आपण इथं आलो होतो, देवरावांना वाटलं, आणि या जागेनं आपल्याला वेळेत थांबवलं. विमललाही असंच कुणीतरी वेळेत थांबवलं होतं. त्या डॉक्टरनं, त्या नर्सनं, ज्यांची नावंही आपल्याला धड आठवत नाहीत. छत्री हलली, आणि विमलाबाईंच्या चेहऱ्यावर ऊन पडलं.

"नीट धरा की," त्या म्हणाल्या. मग त्यांनी वर बघितलं. खड्डा जवळजवळ भरत आला होता. "आता फिटला का तुमचा नवस?"

"नवस नव्हता, संकल्प—"

"बरं, संकल्प. फिटला का?"

देवरावांनी बुजत आलेल्या खड्ड्याकडं पाहिलं, मग बायकोच्या मातीनं भरलेल्या हाताकडं.

"न्हाई फिटला," ते म्हणाले. "आनि फिटू पन नये विमल. फिटला की मानूस इसरतो."

विमलाबाईंनी शेवटची मूठ टाकली, वरून पंजानं माती हलकेच दाबली आणि उठण्यासाठी हात वर केला. देवरावांनी छत्री खाली ठेवली आणि तो हात दोन्ही हातांनी धरला.